हमाल कोणीही असो

शेजारचे काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली. नातू पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याचा जुना, विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घातलेला लॅपटॉप त्यांच्याकडे आला. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगमधलं खोकणं आणि तबला लावण्याची ठोकाठोक काकांना कापून टाकायची होती. त्याला ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर पुरतं. मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एक ओळ टाइप केली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायला लागली आणि काकांनी उठून थेट वायफायचं बटणच बंद केलं. "अगं, हॅक होतंय की काय!"

सिनेमावाल्यांनी काळ्या पडद्याची फार बदनामी करून ठेवली आहे. तिथे जे धावत होतं तो पॅकेज मॅनेजर होता, म्हणजे तुमच्यासाठी सॉफ्टवेअर शोधून आणणारा, तपासून बसवणारा आणि नको झालं की काढून नेणारा कारभारी. उबुंटूमधल्या कारभाऱ्याचं नाव ॲप्ट. तो मूळचा डेबियनचा, १९९८ सालचा. डेबियन ही अशीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, ती १९९३ मध्ये सुरू झाली आणि उबुंटू २००४ मध्ये तिच्यावर उभं राहिलं. डेबियनच्या २०२३ च्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरची बांधून ठेवलेली गाठोडी, होती, आणि ती सगळी फुकट.

आज्ञा मी इथे नागरीत लिहिते आहे. टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं घ्यायची आणि शब्दांमध्ये जागा सोडायची. पहिली आज्ञा: सुडो ॲप्ट अपडेट. सुडो म्हणजे "हे काम मालकाच्या अधिकाराने कर". म्हणून तो पासवर्ड विचारतो, आणि काकांच्या लॅपटॉपसारख्या जुन्या उबुंटूत आपण टाइप करतो तेव्हा पडद्यावर एक ठिपकाही उमटत नाही. काकांना वाटलं कीबोर्ड बिघडला. बिघडलेला नसतो. मागे उभ्या असलेल्याला अक्षरं किती तेही कळू नये म्हणून तसं केलेलं असतं.

या आज्ञेबद्दल जवळजवळ प्रत्येक नवख्याचा एक गैरसमज असतो. अपडेटने एकही सॉफ्टवेअर अपडेट होत नाही! लासलगावचा आजचा भाव फोनवर विचारून घ्यावा, तेवढंच ते. भाव कळला, कांदा अजून तिथेच आहे. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती मिळते याची ताजी यादी फक्त आपल्याकडे येते. जुनं काढून नवं बसवायचं तर आज्ञा वेगळी: सुडो ॲप्ट अपग्रेड.

मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल ऑडॅसिटी. काकांनी एक मागितलं आणि यादीत पंधरावीस नावं आली. "बाकीची कोणी मागितली?" ऑडॅसिटीनेच. माइक-स्पीकरशी बोलायला त्याला पोर्टऑडिओ लागतं, एमपीथ्री बनवायला लेम लागतं. ते स्वतः लिहीत बसण्यापेक्षा तयार आहे ते घ्यायचं, आणि त्या तयार गोष्टींनाही आणखी काही लागतं. लग्नाच्या यादीसारखंच. आत्याला बोलवायचं तर सोबत तिची जाऊ आली, जाऊ आली तर मामा पंगतीला बसणार नाहीत. वीसच माणसांचं "येणार-नाही येणार" धरलं तरी १० लाख ४८ हजार ५७६ शक्यता होतात. ॲप्ट हा मानपानाचा हिशेब सहसा काही क्षणांत लावतो आणि शेवटी विचारतो: वाय की एन? त्यातला वाय मोठ्या लिपीत असतो. नुसतं एंटर दाबलंत तर ते "हो" धरलं जातं.

इथे थांबून यादी वाचायची. विशेषतः "काढून टाकली जातील" या मथळ्याखालची. मी एकदा जागा करायची म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढायला निघाले आणि न वाचता वाय दाबलं. डेस्कटॉपचे अर्धेअधिक भाग पायथनवर टेकलेले होते, ते सगळे निघून गेले. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा समोर फक्त काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. चूक माझीच होती, त्याने विचारलं होतं.

काकांचा खरा आक्षेप मात्र वेगळा होता. धावत्या ओळींमधल्या पत्त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हा एचटीटीपी आहे. पुढे एस नाही. बँकवाले तर सांगतात कुलूप बघा म्हणून." नजर पाहा! उबुंटूची पॅकेजेस बहुतेकदा बिनकुलपाच्या रस्त्यानेच येतात, आणि तीही कोणकोणत्या विद्यापीठांनी, कंपन्यांनी ठेवलेल्या नकलांवरून. तरी ते सुरक्षित का, हे सांगायला प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाहून चांगला श्रोता मला मिळाला नसता.

नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ चा. तिथे छापलेली नोट भाजीवाल्याकडून आली की रिक्षावाल्याकडून, याने तिची किंमत बदलत नाही. आपण ती उजेडात धरतो, जलचिन्ह बघतो. भरवसा नोटेवर असतो, ती आणणाऱ्यावर नाही. ॲप्टचंही तेच.

फक्त त्याचं जलचिन्ह नोटेच्याही पुढचं आहे. प्रत्येक फाइलचा गणिताने एक ठसा काढतात. ही पद्धत एसएचए-२५६ नावाची. फाइल एका पानाची असो की हजार पानांची, ठसा कायम ६४ चिन्हांचा. आत एक स्वल्पविराम हलवला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. शक्य ठशांची संख्या ७८ अंकी आहे. हवा तो ठसा निघेल अशी बनावट फाइल चाचपडत शोधायला विश्वाचं वय पुरणार नाही.

अपडेटच्या वेळी आलेल्या यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा लिहिलेला असतो. पण यादीच बनावट असली तर? म्हणून यादीचाही ठसा काढून तो रिलीज नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये लिहितात, आणि त्या फाइलवर उबुंटूवाल्यांची सही असते. म्हणजे सही एकच, तिच्या आधाराने यादी खरी, यादीच्या आधाराने हजारो पॅकेजेस खरी.

सही कशी होते ते थोडं किचकट आहे. ८३ आणि ९७ चा गुणाकार ८०५१, हे तोंडी जमेल. पण मी नुसतं ८०५१ दिलं आणि त्याचे दोन अवयव शोधा म्हटलं, तर घाम फुटेल. आरएसए ही १९७७ ची पद्धत याच अडचणीवर उभी आहे. गुणाकार जगजाहीर, अवयव मालकाच्या तिजोरीत. अवयव माहीत असणाऱ्यालाच सही करता येते, गुणाकार माहीत असणाऱ्या कोणालाही ती पडताळता येते. उबुंटूचा गुणाकार बाराशेहून जास्त अंकी आहे. तो इन्स्टॉल करतानाच तुमच्या डिस्कवर येऊन बसतो, त्यामुळे पडताळणी घरातच होते. रस्त्यात कोणी फाइलला बोट लावलंच, तर ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती बसवायला नकार देतो.

दसऱ्याला लावलेल्या कुंकवाचा ठिपका काकांच्या लॅपटॉपच्या झाकणावर अजून आहे. पूजेला माझी हरकत नाही. पण कुंकवाचा तांत्रिक परिणाम एवढाच, की पूड कळांच्या फटीत जाते. कुठल्याशा पेन ड्राइव्हवरून "क्रॅक", म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, घेऊन येणारे मात्र न उजेडात धरता नोट खिशात घालतात, आणि मग काळ्या पडद्याला घाबरतात.

"आणि सही करणाराच फितूर झाला तर?" काकांनी विचारलं.

मार्च २०२४ मध्ये जवळपास तेच झालं. एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या पॅकेजच्या कारभारात एकाने काही वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा ठेवला. ते पॅकेज डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत रीतसर सहीनिशी पोचलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला, म्हणून ते सापडलं. माल कुठून आला ते सही सांगते. आत काय आहे ते सांगत नाही. काकांनी मान हलवली. ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: "पॅकेज सापडत नाही म्हणतो." जाऊन पाहिलं तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं नाव मोठ्या लिपीत लिहिलेलं. नावं छोट्या अक्षरांतच असतात. हा संदेश आला की आधी स्पेलिंग बघायचं, मग अपडेट केलं होतं का ते. एआयला नाव विचारलंत तरी आधी ॲप्ट सर्चने खात्री करा, कारण अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नावही तो छातीठोकपणे सांगतो. आणि "लॉक मिळत नाही" आलं तर मागे दुसरं अपडेट चालू असतं. वाट बघायची, लॉकची फाइल उडवायला जायचं नाही.

काकांनी नाव दुरुस्त केलं. यादी आली. वाय दाबायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतली. मी आत जाऊन चहा टाकून आले तरी त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवरच होतं.