केंद्रावरची नोंद आणि चौकटीतला आकडा

हवामानाची जुनी आकडेवारी आता घरबसल्या उतरवून घेता येते. मात्र ‘पाऊस’ किंवा ‘किमान तापमान’ या एकाच नावाखाली तिथे दोन वेगळ्या जातींचे आकडे मिळतात, आणि खानदेशातला अभ्यासक असो वा केळी उत्पादक, दोघांचीही त्यात गल्लत होते.

पहिला आकडा केंद्रावरच्या नोंदीचा. महसूल मंडळातल्या, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटातल्या, स्वयंचलित केंद्राने त्या जागी जे मोजले, तेच त्यात असते. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीची भरपाई ठरते ती अशा नोंदींवरून, आणि मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पाहता येतो. यंत्र बंद पडले की मात्र रकाना रिकामा राहतो.

दुसरा आकडा ग्रिडचा, म्हणजे नकाशावर अक्षांश-रेखांशांनी आखलेल्या चौकटींच्या जाळीचा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पुणे कार्यालय १९०१ पासूनचा दैनिक पाऊस अक्षांश-रेखांशाच्या ०.२५ अंशाच्या, तर १९५१ पासूनचे तापमान १ अंशाच्या चौकटींत मोफत उपलब्ध करून देते. चौकटीतला आकडा त्या जागी कुणी मोजलेला नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार कमीअधिक वजन देऊन तो काढलेला असतो. म्हणूनच ही मालिका सलग दिसते, आणि याच सलगपणाला अभ्यासक भुलतात. तापमानाची २१ ते २२ अक्षांश व ७५ ते ७६ रेखांशांमधली चौकट घ्या: तापीकाठचा सपाट पट्टा, चोपडा, यावल, सातपुड्याचे डोंगर आणि पलीकडचे खरगोन, या सगळ्यांना मिळून रोजचे एकच किमान तापमान. रावेर शहर तर शेजारच्या चौकटीत जाते. यावलच्या एखाद्या बागेत थंडीने केळीची वाढ खुंटली का, याचे उत्तर या आकड्यात शोधणे व्यर्थ आहे. अतिवृष्टीचेही तसेच: एका मंडळात ढगफुटीसारखा पाऊस होऊन शेजारची मंडळे कोरडी राहिली, तर चौकटीत तो मध्यमच दिसतो आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडल्याचा मागमूसही उरत नाही.

याउलट धुळे–नंदुरबारचा पाऊस शतकभरात कसा बदलला, हे पाहायचे असेल तर ग्रिडच हवा. गेल्या काही वर्षांत उभारलेल्या केंद्रांवरून दीर्घकाळाचा कल काढणे धाडसाचे ठरेल.

दोन्ही आकडे शेजारी मांडायचेच असतील, तर आधी दिवस जुळवावा. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, तर अनेक जागतिक आकडेवारी-संचांचा ग्रिनिच वेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० ला; त्यामुळे एकच पाऊस दोन संचांत दोन वेगळ्या तारखांना पडलेला दिसू शकतो.