बेसचा कपॅसिटर मोठा केल्याने बेस वाढतो का?

ट्यूब (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या टोन सर्किटमधील, म्हणजे जाड-बारीक स्वरांचे प्रमाण ठरवणाऱ्या भागातील, बेसचा कपॅसिटर (ठरावीक मर्यादेखालचे स्वर अडवणारा घटक) बदलून मोठा बसवला की बेस, म्हणजे खालचे जाड स्वर, वाढतो, हा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. तो चुकीचा आहे.

फेंडर या अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या कंपनीच्या 1960च्या दशकातील परिचित रचनेत 1 लाख ओहमच्या रेझिस्टरनंतर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि अडीच लाख ओहमचा बेस कंट्रोल येतो. नॉब पूर्ण उघडल्यावर हा कपॅसिटर सुमारे 5 हर्ट्झच्या खालीच सिग्नल अडवू लागतो. गिटारची सर्वांत जाड तार साधारण 82 हर्ट्झवर वाजते. त्यामुळे तिथे 0.22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ऐकू येण्याजोगे काहीही हाती लागत नाही.

मुळात या सर्किटमध्ये सिग्नल वाढवणारा कोणताही घटक नसतो, ते केवळ कपात करते. बेस पूर्ण उघडल्यावर तो वाढल्यासारखा भासतो, कारण मधले स्वर त्याच्या तुलनेत दबलेले राहतात.

बहुतेकांची खरी तक्रार मात्र उलट असते: विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा मुद्दाम आणलेला खरखरीतपणा) वाढवली की खालचे स्वर गढूळ होतात. त्यावर माझ्या मते पहिल्या ट्यूबचा कॅथोड कपॅसिटर (ती ट्यूब खालचे स्वर किती वाढवते हे ठरवणारा) 25 मायक्रोफॅरडवरून 0.68 वर आणणे हा अधिक योग्य उपाय आहे, कारण त्याने बेस विकृतीच्या आधीच आटोक्यात येतो. असा बदल करताना मात्र सावध राहा: अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लग काढल्यानंतरही वीजपुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट राहू शकतात. ते रेझिस्टरद्वारे उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत हात घालू नये.