सिक्युरिटी पॅच आणि नवं व्हर्जन: नाव एक, कामं दोन

इंदूरच्या जेल रोडवर, मोबाइलच्या दोन शेजारशेजारच्या दुकानांत एकच प्रश्न विचारून बघा. पहिला म्हणेल, ‘भिया, अपडेट मत मारो, फोन लटक जाएगा.’ दुसरा म्हणेल, ‘अपडेट नहीं करते, इसीलिए तो ये हाल है.’ गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच साफ खोटं बोलत नाही. पहिल्याच्या मनात असतं नवं व्हर्जन, दुसऱ्याच्या मनात सिक्युरिटी पॅच. फोन मात्र दोन्हीला ‘अपडेट’ म्हणतो, बटणही एकच दाखवतो, आणि गिऱ्हाईक दोन्हीची भीती किंवा दोन्हीचा हव्यास धरून घरी येतं.

घरी तिसरं मत तयार असतं. रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत ते हमखास ऐकू येतं: ‘दर महिन्याला अपडेट येतो म्हणजे माल कच्चाच आहे. आधीच्या फोनला कधी एक अपडेट आला नाही, दगडासारखा चालला.’ ऐकायला पटतं. पण नेमकं इथेच गणित उलटं होतं.

आधी दोघांची ओळख. सिक्युरिटी पॅच म्हणजे आहे त्याच सिस्टिममधल्या सापडलेल्या चुका बुजवणं. तो टाकल्यावर फोन दिसायला होता तसाच राहतो, म्हणून ‘काही झालंच नाही’ असं वाटतं. अँड्रॉइडवर त्याची खूण आकडा नसून तारीख असते. नवं व्हर्जन म्हणजे अँड्रॉइड १४ चं १५ होणं किंवा आयफोनवर आयओएस १८ नंतर एकदम २६ येणं (मधले आकडे हरवलेले नाहीत, अ‍ॅपलने २०२५ पासून वर्षावरून आकडा द्यायला सुरुवात केली). त्यात चेहरामोहरा बदलतो, नव्या सोयी येतात आणि ढीगभर नवा कोड येतो. नव्या कोडबरोबर नवे बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकाही येतात, हे ओघानंच आलं.

अँड्रॉइडवर हा फरक स्वतः बघता येतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवा. एक आकडा दिसेल आणि त्याच्या आसपास ‘सिक्युरिटी अपडेट’ नावाची एक तारीख. बहुतेकांना आकडा पाठ असतो. तारीख कुणी बघितलेली नसते.

आता बगबद्दल. लोक बग म्हणतात तेव्हा त्यांना दिसणारा बग अभिप्रेत असतो: कॅमेरा बंद पडणं, बॅटरी उतरणं, स्क्रीन गोठणं. असे बग गाजतात. २०१६ मध्ये आयफोनची तारीख मागे नेत १ जानेवारी १९७० केली की फोन पुन्हा चालूच होत नसे. २०२० मध्ये तळ्याकाठचा एक सुंदर फोटो काही अँड्रॉइड फोनवर वॉलपेपर म्हणून लावला की फोन सारखा बंद-चालू होत राही. त्या फोटोतली रंगांची माहिती सिस्टिमला झेपत नव्हती. असे बग त्रास देतात, बोंब होते, दुरुस्ती येते.

पण काही बग त्रासच देत नाहीत. फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ७.०.६ नावाचा छोटा अपडेट घाईनं काढला. सुरक्षित वेबसाइटची ओळख तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसऱ्या ओळीमुळे पुढची तपासणी न होताच साइट ‘पास’ ठरत होती. त्याच वायफायवर बसलेला एखादा बेरकी माणूस बँकेचं सोंग घेऊ शकत होता, आणि ब्राउझरमधलं कुलूप आपलं नेहमीसारखं मिरवत होतं. कुणाचा फोन अडकला नाही, कुणाची बॅटरी उतरली नाही, दुकानात कुणी तक्रार घेऊन गेलं नाही. २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनबद्दल उघड झालेला प्रकारही याच जातीचा. स्क्रीनशॉट कापून पाठवला, तरी कापलेल्या भागाचा बराचसा डेटा फाइलमध्येच मागे राहत होता आणि तो परत काढता येत होता. पाठवणाऱ्याला वाटत होतं, कार्डाचा नंबर कापलाय. पॅच आल्यावर पुढचे स्क्रीनशॉट नीट झाले; आधी पाठवून झालेल्यांना कोण काय करणार?

म्हणून ‘जुन्या फोनला अपडेट आला नाही आणि तो छान चालला’ या वाक्याचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांचा संबंध नाही. तो चालला कारण हे बग फोन बंद पाडत नाहीत. आणि अपडेट आला नाही तो चुका नव्हत्या म्हणून नव्हे, चुका बुजवायला कुणी बसलेलं नव्हतं म्हणून.

दर महिन्याचा हा रिवाज सुरू कधी झाला, हेही सांगण्यासारखं आहे. जुलै २०१५ मध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाने ओळखली गेलेली अँड्रॉइडमधली भगदाडं जाहीर झाली. व्हिडिओ हाताळणाऱ्या भागात ती होती, आणि नुसता एक मल्टिमीडिया मेसेज येऊन पडला तरी, तो न उघडता, फोनवर हल्ला होऊ शकत होता. तोवर अँड्रॉइडच्या दुरुस्त्यांना धड वेळापत्रक नव्हतं. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने दरमहा दुरुस्त्यांची जाहीर यादी काढायला सुरुवात केली. म्हणजे दर महिन्याचा अपडेट हे वेळापत्रक आहे. त्यावरून चुकांची संख्या मोजता येत नाही. जुलै २०२५ च्या यादीत तर एकही दुरुस्ती नव्हती. पुढे गूगलने रीतच बदलली: जास्त धोक्याच्या दुरुस्त्या त्या-त्या महिन्यात आणि उरलेल्या बऱ्याचशा तिमाहीला एकत्र. त्यामुळे आता एखादा महिना रिकामा गेला तर फोन सुधारला असं समजू नका, आणि पुढचा अपडेट जड आला तर बिघडला असंही नाही.

पॅचमध्ये उशीर का चालत नाही, याचं कारण जरा विचित्र आहे: दुरुस्ती जाहीर होणं हाच एक धोका असतो. गूगल फोन बनवणाऱ्या कंपन्यांना निदान महिनाभर आधी चुका कळवतं. मग यादी प्रसिद्ध होते आणि पाठोपाठ दुरुस्तीचा कोडही सगळ्यांसाठी खुला होतो. घराच्या कुठल्या खिडकीला नवी कडी बसवली हे गल्लीत जाहीर झालं, की ज्यांच्या घरी ती अजून बसलेली नाही त्यांची खिडकी कोणती हे चोराला आयतंच कळतं. दुरुस्तीचा कोड वाचून मूळ चूक शोधणं हे जाणत्यांना अवघड जात नाही. त्यामुळे यादी निघाल्यानंतर ज्या फोनला पॅच मिळालेला नाही तो आधीपेक्षा जास्त उघडा पडतो. आणि अँड्रॉइडमध्ये हा पॅच गूगलकडून निघून फोनच्या कंपनीमार्फत आपल्यापर्यंत येतो, शिवाय चिप बनवणाऱ्यांच्या दुरुस्त्या त्यात मिळवाव्या लागतात. कंपन्या सगळ्या फोनना सारखं वागवतही नाहीत. सॅमसंग तर उघडच याद्या देते: अमुक फोनला दरमहा, अमुकला तिमाहीला, अमुकला कधीमधी. फोन म्हातारा होत जातो तसा तो खालच्या यादीत सरकतो.

(गूगल प्ले सिस्टिम अपडेट म्हणून आणखी एक तारीख दिसते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, सिस्टिमचे काही तुकडे गूगल थेट बदलू शकतं. चांगलं आहे, पण चिप आणि कर्नेल (सिस्टिमचा गाभा) यांच्यातल्या चुकांना त्याचा हात पोचत नाही. ती तारीख ताजी आहे म्हणून पॅचच्या तारखेकडे काणाडोळा करू नये.)

आता व्हर्जनकडे वळू, म्हणजे जेल रोडवरच्या पहिल्या दुकानदाराकडे. त्याची भीती निराधार नाही. नवं व्हर्जन टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते, कारण आत अ‍ॅप्स नव्यानं जुळवली जात असतात, फोटोंची यादी पुन्हा लागत असते. एवढं ओसरतं. पण कमी मेमरीच्या जुन्या फोनवर जड व्हर्जन बसलं की कायमचा मंदपणा येऊ शकतो, आणि परत मागे फिरायची वाट जवळजवळ बंद असते. अ‍ॅपल जुन्या व्हर्जनला मान्यता देणं थोड्याच काळात थांबवतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही मागे जाण्याला आतूनच अडसर असतो. ‘डाउनग्रेड करून देतो’ म्हणणाऱ्याकडे फोन द्यायच्या आधी विचारा की तो बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम तपासणारा भाग, उघडणार आहे का. उघडला, तर फोनवरचा डेटा पुसला जातो आणि पुष्कळ बँकांची अ‍ॅप्स त्यानंतर चालायला नकार देतात. मग सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री पैसे चुकवायला पुन्हा सुट्टी नाणी शोधायची.

आयफोनचं नवं व्हर्जन बहुधा सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आगेमागे येतं. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांचं (मिरवणुकीतल्या देखाव्यांचं) शूटिंग करायचं असेल तर त्या संध्याकाळी ते टाकू नये, इतकंच माझं इंदुरी मत. पहिला किंवा दुसरा छोटा अपडेट येऊ द्यावा. नवं व्हर्जन हजारो प्रकारच्या फोन-अ‍ॅप-सेटिंगच्या जोड्यांवर पहिल्यांदाच चालत असतं, आणि पहिल्या काही आठवड्यांत सापडणारे बग त्या छोट्या अपडेटांत निघतात.

छोटे अपडेट कधीच घोळ घालत नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये दुरुस्तीसाठीच काढलेल्या आयओएस ८.०.१ ने आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्क आणि बोटाच्या ठशाचं कुलूप बंद पाडलं. तासाभरातच तो मागे घ्यावा लागला आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ आला. जुलै २०२३ मध्ये आयओएस १६.५.१ वर मागे ‘ए’ लावून एक तातडीचा सिक्युरिटी पॅच आला, तर काही वेबसाइट उघडेनात. कारण ब्राउझर आपली ओळख सांगताना तो ‘ए’ही सांगू लागला होता आणि त्या साइटना ते कळेना. काही दिवसांत ‘सी’ लावलेला दुरुस्त पॅच आला. तर घोळ होतात, पण लवकर निस्तरले जातात. उलट न बुजवलेलं भोक आपल्याला कळतही नाही.

आयफोनमध्ये पॅच आणि व्हर्जन यांच्यातली रेषा अँड्रॉइडइतकी स्वच्छ नाही, हे खरं. साधारण ओळखण्याची रीत अशी की पहिला आकडा बदलला तर नवं व्हर्जन, मधला बदलला तर सोयी आणि दुरुस्त्या यांची मिसळ, तिसरा बदलला तर बहुतेक दुरुस्तीच. ‘बहुतेक’ म्हणायचं कारण आयओएस १०.२.१. जानेवारी २०१७ च्या या छोट्या आकड्याच्या अपडेटनंतर थकलेल्या बॅटरीचे काही आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून मुद्दाम मंद केले जात होते. लोकांना हे कळलं डिसेंबरात. पुढे अ‍ॅपलने बॅटरी बदलण्याचे दर उतरवले आणि ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला सुरुवात केली. ‘अपडेटने फोन मंद होतो’ ही समजूत घट्ट होण्यात या एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. आणि ज्यांचे फोन मंद झाले त्यांच्यासाठी ती समजूत नव्हतीच.

मग व्हर्जन कायमचं टाळून नुसत्या पॅचवर भागेल का? काही काळ भागतं. आयफोन ५ एस हा २०१३ चा फोन. आयओएस १२ च्या पुढे तो गेला नाही, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याला १२.५.७ हा सिक्युरिटी अपडेट मिळाला. आकडा चार पावलं मागे, आणि पॅच ताजा. पण यावर विसंबून राहता येत नाही: जुन्या व्हर्जनमध्ये माहीत असलेल्या सगळ्याच चुका बुजवल्या जात नाहीत, असं खुद्द अ‍ॅपलने लिहून ठेवलं आहे. शिवाय अ‍ॅप्स पॅचची तारीख बघत नाहीत, व्हर्जन बघतात. २०२५ च्या मध्याला व्हॉट्सअ‍ॅपला निदान अँड्रॉइड ५ किंवा आयओएस १५.१ लागत होतं, त्याखालचा फोन कितीही तुकतुकीत असला तरी घरच्या ग्रुपमधून बाहेर.

याच्या उलट जोडीही बाजारात दिसते, आणि जुना फोन घेताना तीच फसवते: आकडा नवा, तारीख वर्षभर शिळी. विकणारा अँड्रॉइडचा आकडा मोठ्यानं सांगतो. तारीख विचारली की ‘चार्ज पे लगा के अपडेट मार लेना’ म्हणतो. तिथेच, त्याच्यासमोर वायफाय जोडून अपडेट तपासावा. काहीच आलं नाही आणि तारीख जुनी, तर त्या फोनचा पुरवठा बहुधा आटला आहे. अशा फोनवर गाणी ऐकावीत, झांक्या शूट कराव्यात. बँक आणि यूपीआय दुसऱ्या फोनवर ठेवावं.

नवा फोन घेतानाही दोन वेगळे प्रश्न विचारायचे: व्हर्जन किती आणि सिक्युरिटी किती वर्षं. खोक्यावर किंवा जाहिरातीत हे आकडे पुष्कळदा वेगवेगळे असतात, आणि दुकानात त्यातला सोयीचा सांगितला जातो. ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गूगलने आणि जानेवारी २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सॅमसंगने दोन्हींसाठी सात-सात वर्षं कबूल केली आहेत. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. कंपन्यांची स्वतःची वर्षं मात्र साधारणपणे फोन बाजारात आला त्या दिवसापासून धरली जातात. आपण बिल फाडलं त्या दिवसापासून नव्हे. पिक्सेल ८ पहिल्या दिवशी घेतलेला असो की दोन वर्षांनी दिवाळीच्या सेलमध्ये, त्याचे पॅच ऑक्टोबर २०३० पर्यंतच.