संघपद्धती (स्काउटिंग)

संघपद्धती : स्काउट पथकातील मुलांचे सहा ते आठ जणांचे संघ पाडून प्रत्येक संघाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलाकडे देण्याची पद्धत. हा मुलगा संघनायक, आणि त्याच्या हाताखालचा उपसंघनायक. मुलांना नेतृत्व शिकवण्यासाठी स्काउट चळवळीने वेगळे वर्ग काढले नाहीत, व्याख्यानेही ठेवली नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती सात जणांचे जेवण, तंबू आणि भांडणे सोपवायची आणि मोठ्यांनी थोडे लांब उभे राहायचे, एवढाच तिचा अभ्यासक्रम. मुलींच्या गाइड कंपनीतही रचना हीच असते.

या कल्पनेचे मूळ दक्षिण आफ्रिकेतील युद्धात आहे. १८९९-१९०० मध्ये मॅफेकिंग गावाला वेढा पडला, तेव्हा बचावाचे प्रमुख आणि पुढे स्काउट चळवळीचे संस्थापक झालेले रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याजवळ सैनिक अपुरे होते. त्यांचे सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या मुलांचे पथक उभे करून त्यांच्याकडे निरोप पोचवण्याचे काम दिले. पथकाचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर अवघा तेरा वर्षांचा होता. काम खरे असेल तर पोरे ते नीट करतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिले. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर भरवले. त्यात उच्चभ्रू शाळांतली मुले होती, तशी कामकऱ्यांच्या घरातलीही होती. त्यांचे लांडगा, बैल, कावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी अशा नावांचे चार संघ केले आणि प्रत्येकावर एक मुलगा नायक नेमला. पशुपक्ष्यांची नावे घेण्याची प्रथा तेव्हापासूनची.

भारतात १९०९ मध्ये बंगलोरला पहिले पथक निघाले, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांना दार बंद होते. मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी ते उघडायला सुरुवात केली. हे बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मद्रासला अॅनी बेझंट, तर उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काउट संघटनांचे एकत्रीकरण होऊन भारत स्काउट आणि गाइड ही संस्था झाली. गाइड संघटना तिच्यात १९५१ मध्ये आली.

पद्धतीचे यंत्र साधे आहे. संघात प्रत्येकाला एक काम असते : कोणाकडे प्रथमोपचाराची पेटी, कोणाकडे दोर आणि तंबूचे साहित्य, कोणाकडे नोंदवही आणि वर्गणी, कोणाकडे शिधा. कामे फिरत राहतात. संघाचा स्वतःचा झेंडा, आरोळी आणि पथकाच्या खोलीत एक कोपरा असतो. आठवड्याच्या संघसभेत मुले आपले ठरवतात आणि ते घेऊन संघनायक मानसभेत जातो. मानसभा म्हणजे सर्व संघनायकांची बैठक. पथकाचा कार्यक्रम, पैशांचा वापर, बेशिस्तीचे प्रश्न तिथे सुटतात. स्काउटमास्तर तिथे बसतात, पण सल्लागार म्हणून. तिथे झालेले बोलणे बाहेर सांगायचे नाही, असा संकेत आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्याच मित्राच्या चुकीबद्दल बोलायचे आणि बाहेर येऊन गप्प राहायचे, हा धडा कुठल्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अवघड आहे.

संघनायकाच्या डाव्या खिशावर दोन उभ्या पट्ट्या असतात, उपसंघनायकाच्या एक. पट्ट्या मिळाल्या की पहिल्या महिन्यात बहुतेक मुले ओरडू लागतात. सगळे काम स्वतःच करायचे, हा दुसरा आजार, आणि तो हुशार मुलांना हटकून होतो. तंबूची गाठ धाकट्याला जमत नाही म्हणून त्याच्या हातातून दोर ओढून घेणारा संघनायक चांगला स्काउट असेल, पण नायक अजून झालेला नसतो. म्हणून संघनायकांचे वेगळे प्रशिक्षण शिबिर घेतात. त्यात स्काउटमास्तर स्वतः संघनायक होतात, मुले संघातले स्काउट होतात, आणि पुढच्या आठवड्यात हेच मुलांनी आपापल्या संघात करायचे असते.

सोलापुरात या पद्धतीला आपोआप एक जास्तीचा विषय मिळतो, तो म्हणजे भाषा. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या मुलाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी दखनी उर्दू, आणि शाळेत मराठी. आठ जणांच्या एका संघात या चारही भाषा एकत्र नांदू शकतात. हुकूम शिस्तीच्या ठरावीक शब्दांत सुटतात खरे, पण चुलीजवळ ‘का बे, पाणी आणलास का?’ हेच चालते. हा ‘बे’ ऐकून परगावचा मुलगा आधी दचकतो. सोलापूरकराला त्यात आपलेपणा असतो, आणि आपला ‘बे’ दुसऱ्याला कसा लागतो हे ओळखणे हेही नायकाचेच काम.

पाण्याचा हिशेब मात्र इथल्या मुलाला शिकवावा लागत नाही. उजनीचे पाणी शहरात रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. घरी पिंप-घागरींचा अंदाज बांधणारा मुलगा शिबिरात सात जणांना दोन बादल्या कशा पुरवायच्या हे चटकन सांगतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जात असल्याने पायी सहल आणि मुक्कामाची शिबिरे हिवाळ्यात घेणेच शहाणपणाचे. हिप्परग्याच्या तलावाकडे पहाटे निघालेल्या संघात सर्वांत मागे पडणाऱ्याचा वेग हाच संघाचा वेग. हे संघनायकाला सांगून कळत नाही, मागे वळून पाहिल्यावर कळते. शिबिरातला स्वयंपाक बहुधा खिचडीवर निभावतो. भाकरी थापायचा हट्ट धरलेल्या संघाला घरून आणलेल्या शेंगाच्या चटणीचाच आधार उरतो.

गर्दीत केलेली सेवा ही स्काउटांची जुनी परीक्षा. मालवीय-कुंझरू यांच्या सेवा समितीच्या स्काउटांनी कुंभमेळ्यात ती दिली होती. सोलापूर जिल्ह्यात आषाढीची पंढरपूरची वारी आणि जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असे दोन अफाट गर्दीचे प्रसंग घरच्या अंगणातच येतात. हरवलेले मूल, पाणी, रांग, चपला ही कामे दिसायला किरकोळ असतात. पण कोणाला कुठे उभे करायचे, दमलेल्याला कधी बदलायचे आणि पोलिसांना कधी हाक मारायची, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. त्याच यात्रेतले सात नंदीध्वज पाहिले की संघपद्धतीचा अर्थ समजावणे सोपे जाते. उंच काठी एकटा तोलून चालतो, पण भोवती सांभाळणारे हात असतात, आणि यात्रेआधी काही आठवडे सराव झालेला असतो. कोणी एका दिवसात ध्वज उचलत नाही.

व्यवहारात ही पद्धत अनेक शाळांत कागदावरच राहते. संघांची नावे पाटीवर लिहिली जातात, झेंडे तपासणीच्या दिवशी बाहेर येतात, आणि तंबूची जागा, जेवणाचा बेत, शेकोटीचा कार्यक्रम सगळे सरच ठरवतात. वर्गात पहिला येणारा तोच संघनायक, असाही प्रकार असतो. मुलांनी निवडलेला नायक कधी कधी शिक्षकांना पसंत पडत नाही. राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्काराच्या परीक्षांचे महत्त्व वाढले, की नोंदवही भरण्याला जोर येतो आणि मानसभा मागे पडते. याउलट ‘खरी कमाई’चा उपक्रम बऱ्याच ठिकाणी जिवंत राहिला आहे. भेळ, सरबत किंवा भाजी विकून संघाने चार पैसे मिळवायचे आणि त्यांचा हिशेब मांडायचा. यात हिशेब चुकला तर लपवता येत नाही, म्हणूनच कदाचित.

स्काउटमास्तरांना सर्वांत जड जाते ते गप्प राहणे. करपलेली खिचडी मुलांना खाऊ द्यायची, पण पेटत्या चुलीजवळ तंबू लावत असतील तर मात्र ताबडतोब थांबवायचे. यातला फरक ओळखणे अनुभवानेच येते. पाणी, आग, रस्ता आणि मुलामुलींची सुरक्षितता यांत मोठ्यांनी जबाबदारी सोडायची नसते. पालकांनाही हे आधी सांगावे लागते, नाहीतर पहिल्याच मुक्कामाच्या रात्री डबा घेऊन कोणाचे तरी बाबा मोटारसायकलवर हजर होतात.

स्काउट विभागाची वयोमर्यादा सतरापर्यंत आहे. दहावीच्या वर्षी शिकवण्या सुरू झाल्या की जुना संघनायक त्याआधीच दिसेनासा होतो. तेव्हा नोंदवही, दोराची पिशवी आणि झेंडा उपसंघनायकाकडे येतात. धाकट्याला क्लोव्ह हिच ही दोराची गाठ अजून जमत नसते, आणि नव्या नायकाचा हात दोराकडे जातो.