प्लाकमधल्या बॅक्टेरियांची तपासणी (दात किडण्याचा धोका ओळखायला)

सकाळी ब्रश करायच्या आधी दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो तो प्लाक. या थरातले बॅक्टेरिया किती आणि कुठल्या जातीचे आहेत हे लॅबमध्ये बघून त्या माणसाचे दात पुढे किडण्याची शक्यता किती याचा अंदाज बांधतात, ती ही तपासणी. कीड लागलीय का हे यात कळत नाही, ते डेंटिस्ट डोळ्याने आणि एक्सरेत बघतो.

बॅक्टेरिया आपण खाल्लेल्या साखरेचं ॲसिड करतात आणि त्याने दात विरघळतो हे मिलर या दंतवैद्याने १८९० मध्ये मांडलं होतं. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दातावरच्या कडक थरातलं कॅल्शियम निघायला लागतं, नंतर लाळ ते थोडंफार भरून काढते, पण दिवसभर सारखं काहीतरी गोड तोंडात असेल तर लाळेला तेवढी उसंतच मिळत नाही. तपासणीत मुख्य शोध असतो तो स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्सचा (क्लार्क या संशोधकाने १९२४ मध्ये वर्णन केलेला) आणि त्याचा भाऊबंद सोब्रिनसचा, सोबत लॅक्टोबॅसिलस. म्युटान्स साखरेपासून चिकट ग्लुकान बनवून दाताला घट्ट धरून बसतो. लॅक्टोबॅसिलस सहसा कीड सुरू करत नाही, पण खड्डा पडला की तिथे बेसुमार वाढतो, त्यामुळे त्याचा आकडा जास्त आला तर आधी उघडा खड्डा कुठे राहिलाय का ते बघावं.

सॅम्पल घेताना निर्जंतुक क्युरेटने (खरवडायच्या बारीक हत्याराने) किंवा टूथपिकने दाताच्या ठरावीक जागेवरून प्लाक खरवडतात, ट्रान्सपोर्टच्या द्रावणात टाकतात, लॅबमध्ये तो गठ्ठा नीट हलवून सुटा करतात, मग पायरीपायरीने पातळ करून प्लेटवर पसरवतात. म्युटान्ससाठी एमएसबी अगार (अगार म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची जेली), त्यात २० टक्के साखर आणि बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक असतं, म्हणजे बाकीचे बरेचसे बॅक्टेरिया दबतात आणि हा वाढतो. लॅक्टोबॅसिलससाठी रोगोसा अगार. ३७ अंशांवर, ऑक्सिजन कमी ठेवून साधारण २ दिवसांनी प्लेट बाहेर काढली की म्युटान्सच्या कॉलनी (वाढलेल्या बॅक्टेरियांचे ठिपके) उंचवट्याच्या, खरखरीत, दुधी काचेसारख्या दिसतात, कधी कधी वर ग्लुकानचा चमकदार थेंब साचलेला असतो. त्या मोजून आकडा सीएफयूत (कॉलनी उगवू शकणाऱ्या जिवंत बॅक्टेरियांच्या संख्येत) देतात. लाळेवर चालणाऱ्या बऱ्याच तयार किटमध्ये मिलिलिटरला १ लाख सीएफयू ही धोक्याची रेषा धरतात. प्लाकचा आकडा या रेषेशी लावू नये, तो खरवडलेल्या वजनावर आणि जागेवर अवलंबून असतो.

जुनी स्नायडर टेस्टही आहे, तिच्यात जात न बघता नुसतं ॲसिड किती लवकर होतं ते बघतात, हिरवं माध्यम २४ तासांत पिवळं झालं तर धोका जास्त आणि ७२ तासांनीही हिरवंच राहिलं तर कमी. आता पीसीआरने (बॅक्टेरियाच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखायची पद्धत) आणि डीएनए सिक्वेन्सिंगने प्लेटवर न वाढणारे बॅक्टेरियाही सापडतात, लहान मुलांच्या किडीत स्कार्डोव्हिया विग्सिए हा बॅक्टेरिया दिसला तो मात्र ऑक्सिजनशिवाय प्लेटवर वाढवून आणि मग डीएनएवरून ओळखून.

माझ्या मते या रिपोर्टला लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. म्युटान्स भरपूर असूनही दात चांगले असलेली माणसं असतात, आणि म्युटान्स नगण्य असताना कीड लागलेलीही असतात, कारण ॲसिड करणारे आणि त्यात तगून राहणारे इतर बरेच आहेत. मार्श या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये हेच मांडलं की दोष एका जंतूचा नसून थरातला समतोल बिघडण्याचा आहे. एकट्या आकड्यावर भविष्य सांगता येत नाही, आधी किती दात किडलेत हीच गोष्ट त्याहून जास्त सांगून जाते. आकडा कमी आला तर तो दिलासा जरा जास्त भरवशाचा. म्हणून खाण्याच्या सवयी, लाळेचं प्रमाण, फ्लोराइड हे सगळं सोबत ठेवूनच रिपोर्ट वाचायचा.

तपासणीच्या आधी अँटिबायोटिक किंवा क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) माउथवॉश चालू असेल तर आकडा खोटा कमी येतो, ते सॅम्पल देतानाच सांगावं, औषध बंद करून काही आठवड्यांनी सॅम्पल दिलेलं बरं.