वेरहोवाई साहाय्य मंडळ

अमेरिकेत मजुरीला गेलेल्या हंगेरियन लोकांनी १८८६ मध्ये काढलेली परस्पर साहाय्य आणि विमा संस्था. सभासद आजारी पडला तर त्याला पैशाची मदत आणि मेला तर घरच्यांना ठरलेली रक्कम, हे तिचे मूळ काम. १९५५ पासून ती विल्यम पेन या नावाने चालते. मुख्य कचेरी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे. अशा संस्था अमेरिकेत आलेल्या बहुतेक सर्व जमातींनी काढल्या; हंगेरियनांच्याही अनेक होत्या, पण त्यांची घडण आणि अडचणी वेरहोवाईच्या इतिहासात नीट दिसतात.

पेन्सिल्व्हेनियातल्या हेझल्टन या कोळसा खाणींच्या गावात २१ फेब्रुवारी १८८६ रोजी तेरा खाणकामगारांनी १७ डॉलर २५ सेंट जमवून मंडळ सुरू केले. नाव दिले ते द्युला वेरहोवाई या मायदेशातील राजकारण्याचे. हंगेरीच्या संसदेतला हा स्वातंत्र्यवादी पक्षाचा सभासद आणि वृत्तपत्राचा संपादक तेव्हा सामान्य माणसांत लोकप्रिय होता. त्याच्या लेखणीतला ज्यूद्वेषही उघड होता. मंडळाच्या गौरवपर लिखाणात त्याची ही बाजू सहसा येत नाही.

मंडळ का लागले हे खाणीकडे पाहिले की कळते. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या तीन-चार दशकांत हंगेरीच्या राज्यातून दहा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेत गेली. त्यांत मग्यार, म्हणजे हंगेरियन बोलणारे, होते तसे स्लोव्हाक, रुमानियन, जर्मनही होते. स्थानिक लोक मात्र सगळ्यांना ‘हंकी’ म्हणून हिणवत. बहुतेक जण भूमिहीन मजूर किंवा तुकडाभर जमिनीचे धनी. चार पैसे गाठीला बांधून परत जायचे आणि शेत घ्यायचे, हा बेत. बायका-मुले गावी, इकडे ‘बुर्दोशहाज’मध्ये, म्हणजे मजुरांना जेवणखाणासह ठेवून घेणाऱ्या घरात, एका खोलीत दाटीने बिऱ्हाड, पाळ्या वेगळ्या असल्या की एकच खाट दोघांना पुरे. घर चालवणारी बाई सगळ्यांचा स्वयंपाक आणि धुणे करी. गिरणगावातल्या गाळ्यांची आणि खाणावळींची आठवण व्हावी असा हा संसार. अशा माणसाचा पाय मोडला तर बघायला कोणी नाही, आणि मेला तर पुरायलाही पैसे नाहीत. डिसेंबर १९०७ या एका महिन्यात मोनोंगा येथील खाणस्फोटात ३६२ आणि डार खाणीत २३९ माणसे गेली. दोन्हीकडे मृतांत हंगेरियन होते. मालकावर दावा लावून काही मिळण्याची आशा थोडी. पेन्सिल्व्हेनियात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तोच १९१५ मध्ये.

मंडळाचा खरा कारभार शाखेत चाले. महिन्यातून एकदा, बहुधा रविवारी, चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत बैठक भरे. अध्यक्ष टेबलावर हातोडी आपटून सभा उघडी, चिटणीस मागचे इतिवृत्त वाची, खजिनदार वर्गणी घेऊन सभासदाच्या पुस्तिकेत नोंद करी. वर्गणी थकली की हक्क गेला. म्हणून रात्रपाळीचा माणूस शेजाऱ्याच्या हाती पुस्तिका आणि पैसे पाठवी. नवा सभासद घ्यायचा तर वय आणि प्रकृती तपासली जाई. शपथ, बिल्ले, फीत, निशाण हा थाट अमेरिकन बंधुसंघांकडून उचललेला. अंत्ययात्रेला शाखा बिल्ले लावून, निशाण घेऊन निघे. ज्याला गावात कोणी ओळखत नव्हते त्याच्यामागून अशी रांग चालावी, याचे मोल सभासदांना विम्याच्या रकमेइतकेच वाटत असावे.

सगळ्यांत नाजूक काम ‘बेतेगलातोगातो’चे, म्हणजे आजाऱ्याकडे जाऊन येणाऱ्याचे. विचारपूस करायची, डॉक्टरचा दाखला पाहायचा, आणि गडी खरेच अंथरुणावर आहे ना हेही पाहायचे. भत्ता घेणारा माणूस गुत्त्यात दिसला तर पैसे बंद, असे नियम या प्रकारच्या संस्थांत सर्रास होते. दारू पिऊन केलेल्या मारामारीतली जखमही धरली जात नसे. पाहुणा आणि पहारेकरी एकाच माणसाने व्हायचे, तेही ज्याच्या शेजारी रोज कोळसा फोडायचा त्याच्या घरी. विमा कंपनीला लबाडी हुडकायला पगारी माणसे लागत. शाखेत हे काम ओळखीने होई. त्याची दुसरी बाजू अशी की भांडण झालेल्या सभासदाचा आजारही संशयास्पद ठरू शके.

हिशेबाचे गणित मात्र ओळखीवर सुटणारे नव्हते. सुरुवातीची पद्धत सोपी : एक सभासद मेला की बाकीच्यांनी ठरावीक रक्कम द्यायची. समजा हजार सभासद आहेत आणि दर मृत्यूला प्रत्येकी एक डॉलर. वर्षात आठ गेले तर आठ डॉलर. सगळे पंचविशीत असताना हे स्वस्त पडते. वीस वर्षांनी तेच सभासद पंचेचाळिशीत येतात, मृत्यू वाढतात, वर्गणी दुपटीने वाढते, आणि तरुण माणूस म्हणतो, मी कशाला यांचे भरू? तो नव्या मंडळात जातो. मागे म्हातारे उरतात, वर्गणी आणखी चढते. अमेरिकेतली कितीतरी मंडळे याच फेऱ्यात बुडाली. मग वयानुसार दर, राखीव निधी आणि विमागणिताच्या तज्ज्ञाचा ताळेबंद या गोष्टी राज्यांनी कायद्याने लादल्या; १९१० नंतरच्या दशकात त्यांना जोर आला. जुन्या सभासदाला सांगायचे की तू इतकी वर्षे भरलेस, पण आता दर वाढणार, हे अधिवेशनात पास करून घेणे सोपे नव्हते. माझ्या मते या संस्थांच्या इतिहासातला खरा कसोटीचा भाग हा आहे. मिरवणुका आणि नाचगाण्यांवर लिहिणारे त्याकडे फारसे वळत नाहीत.

अधिवेशन हे सर्वोच्च. शाखा प्रतिनिधी निवडून पाठवतात, प्रतिनिधी पदाधिकारी निवडतात आणि घटना बदलतात. भागधारक नाहीत, नफा वाटणे नाही. शाखापद्धत आणि निवडून दिलेला कारभार या अटी पाळल्या तरच करमाफी मिळते. उलट निधीला खिंडार पडले तर सभासदांकडून जादा वर्गणी मागण्याचा हक्क मंडळाला असतो. ज्याच्या हाती विमापत्र तो ग्राहक आणि मालक दोन्ही, याचा हा अर्थ.

राजकारण आणि धर्म बाहेर ठेवायचे म्हटले तरी ते आत येतच. रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १८९६ मध्ये ट्रेंटन येथे वेगळा महासंघ काढला. १९०७ मध्ये त्याला अमेरिकन काँग्रेसची सनद मिळाली, आणि १९२१ मध्ये त्याने लिगोनियर येथे बेथलेन अनाथाश्रम उघडला. कॅथलिकांची मंडळे निराळी. डाव्या कामगारांनी आपली मंडळे बांधली, त्यांतले बरेच आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या हंगेरियन विभागात गेले. तो संघ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्याच्या विमा खात्याने न्यायालयामार्फत मोडीत काढला. निधी शाबूत होता, आक्षेप राजकीय होता.

पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या १९२० च्या त्रियानों तहाने हंगेरीचा दोन-तृतीयांश प्रदेश गेला. अनेकांचे गाव आता दुसऱ्याच देशात होते, परतायचे कुठे हा प्रश्न पडला. १९२४ च्या अमेरिकन कायद्याने नव्या माणसांची आवक जवळपास थांबवली. तात्पुरत्या बिऱ्हाडासाठी काढलेले मंडळ कायमच्या वस्तीचे झाले, आणि सभासदांच्या मुलांना हंगेरियन नीट वाचता येईना. कामकाज इंग्रजीत करायचे की नाही यावर वाद झाले. मुलांना ओढायला बोलिंगचे सामने आणि शिष्यवृत्त्या आल्या.

१९५५ मध्ये कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील राकोत्सी या दुसऱ्या हंगेरियन मंडळाशी (स्थापना १८८८) वेरहोवाईचे विलीनीकरण झाले. दोन्ही जुनी नावे बाजूला ठेवून पेन्सिल्व्हेनियाचा संस्थापक, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा धर्मसहिष्णू विल्यम पेन याचे नाव घेतले, जे कोणत्याही अमेरिकनाला उच्चारता येते. पुढे इतर लहान हंगेरियन मंडळेही तिच्यात आली. सभासदत्व आता हंगेरियनांपुरते नाही. संस्था आयुर्विमा आणि वार्षिकी (ठरावीक मुदतीने रक्कम देणारी योजना) विकते, मासिक काढते, आणि पेन्सिल्व्हेनियातल्या डोंगरात हंगेरियन भाषा, स्वयंपाक व नाच शिकवणारी उन्हाळी शिबिरे भरवते.