बदकाचं पिल्लू थांबलंय की अडकलंय?

अंड्याला बारीक तडा गेलाय, आतून चीं चीं ऐकू येतंय, आणि मग बारा तास काहीच नाही. इथेच सगळ्यांचे हात शिवशिवतात. पहिल्या खेपेला माझेही शिवशिवले, नखाने टरफल सोलायला घेतलं तर टरफलाखालच्या पापुद्र्यातून रक्तच यायला लागलं, आणि पिल्लू अर्ध्या तासात गेलं. ते अडकलेलं नव्हतंच हो, नुसतं थांबलं होतं.

कोंबडीची सवय असलेल्यांचं इथे जास्त चुकतं. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, बदकाला 28 लागतात (मस्कोव्ही जातीचं बदक असेल तर 35), आणि शेवटचं कामही बदक रमतगमत करतं. आधी चोच आतल्या आत जाड टोकाच्या हवेच्या पोकळीत शिरते, पिल्लू तिथे पहिला श्वास घेतं, मग कधीतरी बाहेरून तडा दिसतो आणि त्यानंतर चोवीस तास, कधी दीड दिवससुद्धा ते गप्प पडून राहतं. गप्प म्हणजे आपल्याला वाटतं तसं, आत त्याचं भरपूर काम चालू असतं, उरलेला बलक पोटात ओढायचा, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात घ्यायचं, फुप्फुसांवर पूर्ण भार टाकायचा. टॉर्च लावून बघितलं तर चघळल्यासारखी चोच हलताना दिसते. हे झालं थांबलेलं पिल्लू. याला मदत म्हणजे इन्क्युबेटरचं झाकण न उघडणं, बास.

अडकलेल्याची गोष्ट वेगळी, आणि ती घड्याळावरून नाही तर भोकाच्या जागेवरून कळते. तडा जाड टोकाला असायला हवा, तो निमुळत्या टोकाला दिसला तर पिल्लू आत उलटं आहे. सरळ पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच हवेच्या पोकळीकडे असते, उलट्याला ती पोकळी सापडतच नाही, ते थेट टरफल फोडतं, म्हणजे शिरा अजून भरलेल्या असतानाच श्वास सुरू. वर तिकडे जागा अरुंद, त्यामुळे गोल फिरून टरफल कापत जाणंही अवघड. अंडी ठेवताना निमुळतं टोक वर राहिलं किंवा नीट फिरवली गेली नाहीत की असं होण्याची शक्यता वाढते. तरी काही उलटी पिल्लं स्वतःची स्वतः बाहेर येतात, लगेच धावू नका.

गंमत म्हणजे अडकलेल्यालाही आधी थांबूच द्यायचं असतं. फक्त नाकपुड्या मोकळ्या आहेत ना बघायचं, नसतील तर चोचीच्या टोकावरचं टरफल तेवढंच, वाटाण्याएवढं काढायचं. मग इअरबडने उघड्या पापुद्र्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब कोमट करून लावायचा, नाकपुडीत जाऊ न देता. तेल लागलं की पापुद्रा काचेसारखा होतो आणि लाल धागे, म्हणजे अजून भरलेल्या शिरा, असतील तर लगेच दिसतात. दिसले? झाकण लावा, चार-पाच तासांनी परत बघा. धागे गेलेत, चोचीचं चघळणंही थांबलंय, तर हळूहळू कडेकडेने टरफल काढायचं, रक्ताचा एक ठिपका दिसला तरी तिथेच थांबायचं. खालचं अर्धं टरफल तसंच ठेवायचं, बेंबी आणि बलक तिकडे असतात. आणि ओढायचं तर मुळीच नाही.

एक तिसराच घोटाळा आपण स्वतः करतो. दर अर्ध्या तासाला झाकण उघडून डोकावायचं, आतली ओल उडते, पापुद्रा वाळून पिवळट चामड्यासारखा अंगाला चिकटतो, आणि चांगलं सरळ, थांबलेलं पिल्लू आपल्याच उत्सुकतेने अडकतं. माझ्या दोन अंड्यांचं तरी नक्की असंच झालंय, मग कोमट ओला कापूस फिरवत बसायचं.

यंदा आठातलं पाचवं अंडं निमुळत्या टोकाला फुटलं. रात्री नऊला तेल लावलं तर लाल धागे ठसठशीत, एकला फिकट, पहाटे साडेचारला एकही नाही. वरची टोपी काढून ठेवली आणि चहा टाकायला गेलो. परत येईपर्यंत बाकीचं टरफल त्याने पायांनी ढकलून दिलं होतं आणि ओलं, मान वाकडी करून, थर्मामीटरवर डोकं टेकून झोपलं होतं.